टिनाच्या आडोशातली कलमे: नागपूरजवळच्या एका संत्रा रोपवाटिकेतील वारा, ऊन आणि थंडी

पार्श्वभूमी

नागपूरहून काटोलच्या दिशेला, कळमेश्वर तालुक्यात, पाऊण एकराची एक संत्रा रोपवाटिका आहे. गावाचे नाव आणि मालकांची ओळख पटेल असे तपशील येथे वगळले आहेत. आजूबाजूचे सगळे त्यांना ‘भाऊ’ म्हणतात, म्हणून येथेही तेच संबोधन ठेवतो. जंबेरी या लिंबूवर्गीय झाडाच्या खुंटावर (मुळांकडच्या रोपावर) नागपुरी संत्र्याचा डोळा (फांदीवरची कळी) भरायचा, कलमे काळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत वाढवायची आणि पावसाळ्याच्या तोंडावर विकायची, हा त्यांचा वडिलोपार्जित व्यवसाय आहे. जमीन काळी आणि भारी असून तिला पूर्वेकडील नाल्याच्या बाजूने किंचित उतार आहे. पाहणाऱ्याच्या लक्षातही येणार नाही इतका तो कमी आहे, आणि आमच्याही लक्षात तो उशिराच आला.

रोपवाटिकेच्या पश्चिमेला आणि वायव्येला कपाशी व तुरीची शेते आहेत. पीक निघाल्यावर ती फेब्रुवारीपासून उघडी पडतात आणि एप्रिल-मे महिन्यांत त्यांच्यावरून तापलेला, कोरडा वारा थेट वाफ्यांवर येतो. या वाऱ्याला अडवण्यासाठी भाऊंचे वडील दरवर्षी तुराट्या आणि पऱ्हाटी बांधून कूड उभा करीत. तो दरवर्षी नव्याने बांधावा लागे, त्यातून डुकरे शिरत आणि मजुरीही वाढत चालली होती. लागोपाठ दोन उन्हाळ्यांत कलमांचे शेंडे वाळले, तेव्हा भाऊंनी मार्च महिन्यात पश्चिम, उत्तर आणि पूर्व अशा तीन बाजूंना आठ फूट उंचीचे टिनाचे पत्रे फटीविना जोडून उभे केले. दक्षिणेला विहीर, गोदाम आणि फाटक असल्याने ती बाजू आधीपासूनच बरीचशी बंद होती. काही वाफ्यांवर हिरवी जाळी होती. पुढील निरीक्षणे जाळीबाहेरच्या, उघड्या आकाशाखालच्या वाफ्यांची आहेत.

समस्या

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात पानांच्या कडा करपू लागल्या आणि कोवळे शेंडे मुरडले. नुकसान मधल्या वाफ्यांत आणि पश्चिमेच्या पत्र्यालगत सर्वाधिक होते, म्हणजे नेमके तिथे, जिथे आडोसा सर्वांत चांगला मिळायला हवा होता. रस्त्यापलीकडच्या एका रोपवाटिकेत जुन्या पद्धतीचा कूड होता आणि तिथली कलमे तुलनेने बरी होती. डोळे भरण्याचे काम वर्षानुवर्षे करणाऱ्या एका बाईंनी निदान आधीच करून ठेवले होते: “टिना लावल्या तवापासून रोपं आतल्या आत शिजून राहिली, भाऊ.”

भाऊंना ते पटले नाही. वारा तापलेला आहे, तो अडवल्यावर रोपांना गारवाच मिळायला हवा, हा त्यांचा तर्क वरवर पाहता बिनचूक होता. त्यांनी पाणी वाढवले, दिवसातून एकदाचे तीनदा केले. त्यामुळे पिशव्यांतली माती सतत ओली राहू लागली, खालची पाने पिवळी पडली आणि मुळकुजीची भीती उभी राहिली. संत्र्याच्या रोपवाटिकेत मुळे कुजवणारी फायटोफ्थोरा बुरशी शिरली, तर तो रोग कलमांबरोबर गिऱ्हाइकाच्या बागेतही जातो. त्यामुळे हा प्रश्न त्या एका हंगामापुरता राहिला नव्हता. मी कृषी हवामानशास्त्र शिकवतो. भाऊंच्या मुलाच्या ओळखीतून मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मी तिथे पोहोचलो.

वारा नेमके काय करतो

स्वच्छ आकाश असलेल्या मे महिन्याच्या दुपारी जमिनीच्या दर चौरस मीटरवर 900 वॅटहून अधिक सौरऊर्जा पडते. त्यातला काही भाग परावर्तित होतो, काही दीर्घलहरी प्रारणाच्या (तापलेल्या वस्तूतून बाहेर पडणाऱ्या अदृश्य उष्णता-किरणांच्या) रूपात आकाशाकडे परत जातो, आणि उरलेल्या ऊर्जेला तीन वाटा असतात: खाली जमिनीत मुरणे, पाण्याचे बाष्पीभवन घडवणे किंवा लगतच्या हवेला तापवणे. काळ्या, कोरड्या पृष्ठभागावर बाष्पीभवनाची वाट जवळपास बंद असते, त्यामुळे सगळा भार हवेवर येतो.

आता हवा ही उष्णतेची अत्यंत मंद वाहक आहे. केवळ वहनाने दर चौरस मीटरला 300 वॅट उष्णता वर न्यायची झाली, तर एका मिलिमीटरच्या अंतरात 11 अंशांहून अधिक फरक पडावा लागेल. पृष्ठभागाला चिकटलेल्या पातळ थरात असेच काहीसे घडते. त्यापलीकडे मात्र उष्णता वाहून नेण्याचे काम भोवरे करतात, आणि हे भोवरे मुख्यतः वाऱ्याच्या घर्षणातून तयार होतात. जमिनीपाशी वाऱ्याचा वेग शून्य असतो आणि उंचीबरोबर तो आधी झपाट्याने, मग सावकाश वाढत जातो. गवताळ मोकळ्या जागेत 10 मीटर उंचीवर जो वेग असेल, त्याच्या साधारण पाऊणपट 2 मीटरवर मिळतो. वेगातील या फरकामुळे हवा घुसळली जाते, वरची हवा खाली येते, खालची वर जाते आणि पृष्ठभाग हवेशी जोडलेला राहतो. तापलेल्या जमिनीवरची हवा हलकी होऊन आपोआप वर उठते आणि तीही ही घुसळण वाढवते. म्हणूनच वारा पडला तरी उष्णतेची देवाणघेवाण पूर्ण थांबत नाही. ‘वारा निम्मा झाला की जमीन दुप्पट तापली’ असा सरळ हिशेब करता येत नाही, तो त्यामुळेच. पानाचे गणितही असेच आहे: पानालगतच्या थरातून होणारी देवाणघेवाण वेगाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे वारा निम्मा झाला तर ती सुमारे 30 टक्क्यांनी घटते.

या प्रकरणाची किल्ली मात्र उष्णता कोणत्या दिशेने जाते यात होती. वारा तापवतो किंवा थंड करतो, असे आपण बोलण्याच्या ओघात म्हणतो; वस्तुतः तो पृष्ठभाग आणि हवा यांच्यातला फरक कमी करतो. पृष्ठभाग हवेपेक्षा तापलेला असेल, तर 43 अंशांचा वारासुद्धा त्याला थंडच करणार. पृष्ठभाग ओला आणि हवेपेक्षा थंड असेल, तर तोच वारा त्याला उष्णता देणार आणि ती उष्णता बाष्पीभवनात खर्ची पडणार. कूलरच्या ओल्या ताटीत हेच चालते, आणि नागपुरात मे महिना ज्याने काढला आहे त्याला हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. भाऊंच्या मनातली रोपवाटिका ही कूलरच्या ताटीसारखी होती. प्रत्यक्षात तिथे काळ्या पिशव्या, कोरड्या वाटा आणि पाणी देऊनही पर्णरंध्रे (पानांवरची सूक्ष्म छिद्रे) मिटून बसलेली पाने होती.

मोजमाप

आडोशाला हात लावण्यापूर्वी मोजणे आवश्यक होते, आणि मोजण्यातच पहिली गफलत झाली. भाऊंनी थर्मामीटर पत्र्यालाच टांगला होता. तो हवेचे नव्हे, तर पत्र्याचे आणि उन्हाचे तापमान दाखवीत होता. ज्या शहरात मे 2024 च्या अखेरीस एका स्वयंचलित केंद्राने 56 अंश दाखवले आणि पुढे तो संवेदकाचा दोष ठरला, तिथे तरी आकडा वाचण्याआधी उपकरणाकडे पाहण्याची सवय असायला हवी. आम्ही पीव्हीसी नळीचा तुकडा घेतला, त्यावर चकचकीत फॉइल गुंडाळली आणि एका टोकाला संगणकातला छोटा पंखा बसवला. त्यातून ओढल्या जाणाऱ्या हवेत थर्मामीटर ठेवल्यावर आकडे विश्वासार्ह झाले. पृष्ठभागासाठी इन्फ्रारेड गन (न टेकवता दुरून तापमान मोजणारे उपकरण) वापरली. चकचकीत पत्रा स्वतः फार कमी दीर्घलहरी प्रारण सोडतो, त्यामुळे गन त्याचे तापमान बरेच कमी दाखवते. यावर उपाय म्हणून पत्र्यावर काळ्या इन्सुलेशन टेपचे तुकडे चिकटवून त्यांवर गन रोखली. वाऱ्यासाठी एक हातातला वेगमापक आणि काड्यांना बांधलेले लोकरीचे धागे, एवढेच साहित्य होते. माझ्या मते धाग्यांनी अधिक काम केले, कारण ते भाऊंना स्वतःच्या डोळ्यांनी वाचता येत होते.

दुपारी दोनच्या सुमारास, हवा 42 ते 43 अंश असताना, पलीकडच्या रोपवाटिकेत धागे तिरपे उडत होते. भाऊंच्या मधल्या वाफ्यांत ते लोंबत होते आणि मधूनच कुठल्याही दिशेला वळत होते. पलीकडच्या पिशव्यांचा उन्हातला पृष्ठभाग हवेपेक्षा साधारण 10 अंशांनी, तर आतल्यांचा 16 ते 17 अंशांनी अधिक होता. तिकडची पाने हवेपेक्षा 2 ते 3 अंशांनी, तर इकडची 6 ते 7 अंशांनी अधिक तापलेली होती. म्हणजे इकडची पाने 50 अंशांच्या आसपास पोहोचत होती. हवा फार कोरडी झाली की संत्र्याचे झाड पर्णरंध्रे मिटून घेते, मग मुळांशी कितीही पाणी असो. वाढवलेले पाणी पानांना थंड करू शकले नाही, याचे कारण हेच. अपवाद एकच दिसला: नुकत्याच भिजवलेल्या वाटांची माती हवेपेक्षा थंड होती आणि तिथे आडोशामुळे ओल खरोखरच जास्त वेळ टिकत होती. भाऊंचा तर्क तेवढ्या जागेपुरता बरोबर होता, हे त्यांना मुद्दाम सांगितले.

पर्याय

पत्रे पूर्ण काढून टाकणे हा पहिला पर्याय होता. त्यात डुकरांचा प्रश्न परत येत होता आणि मे महिन्याच्या दुपारचा सोसाट्याचा वारा कोवळी कलमे मोडण्याची शक्यताही होती. दुसरा पर्याय सगळ्या वाफ्यांवर हिरवी जाळी टाकण्याचा होता. जाळीमुळे ऊन कमी होते, पण वाराही आणखी मंदावतो, आणि खर्च भाऊंच्या आवाक्याबाहेर होता. तुषार संचाने दुपारी पाने भिजवणे हा तिसरा पर्याय बुरशीच्या भीतीने बाजूला ठेवला.

चौथा पर्याय होता आडोसा सच्छिद्र करण्याचा. वारारोधकाविषयी जे सर्वमान्य ज्ञान आहे, त्यानुसार 40 ते 50 टक्के मोकळी जागा असलेला अडथळा भरीव भिंतीपेक्षा चांगला ठरतो. भरीव भिंतीवरून उडी घेतलेला वारा पलीकडे भोवरा तयार करतो आणि लवकरच पुन्हा जमिनीवर आदळतो. सच्छिद्र अडथळ्यातून झिरपणारा वारा मात्र मंदावलेला, एकसारखा आणि उंचीच्या 10 ते 20 पट अंतरापर्यंत कमी वेगाचा राहतो. तुराट्यांचा कूड जवळपास याच मापात बसतो. भाऊंच्या वडिलांनी छिद्रांचे प्रमाण कधी मोजले नव्हते. त्यांना मोजावेही लागले नव्हते.

पहिला निर्णय आणि त्यातली चूक

भाऊंनी चौथा पर्याय स्वीकारला, पण पैसा आणि वेळ वाचवण्यासाठी सुचवले की पश्चिमेचा एकाआड एक पत्रा काढावा. निम्मी जागा मोकळी म्हणजे 50 टक्के सच्छिद्रता, असा हिशेब होता आणि मी त्याला होकार दिला. तो देण्यापूर्वी मी अर्धा दिवस तरी विचार करायला हवा होता. सच्छिद्रता म्हणजे अनेक बारीक वाटा. तीन-तीन फुटांच्या फटींतून वारा पिळवटून, अधिक वेगाने आत शिरला. आठवडाभरात फटींसमोरच्या कलमांचे शेंडे एका बाजूला झुकले आणि वाळले, तर पत्र्यांमागच्या पट्ट्यांत पाने पूर्वीसारखीच तापत राहिली. दोन्ही दोष एकाच बाजूला, शेजारी शेजारी, आखल्यासारखे दिसत होते. विद्यार्थ्यांना दाखवायला याहून स्वच्छ चित्र मिळाले नसते, पण नुकसान भाऊंचे झाले होते.

त्यानंतर पश्चिमेचे सर्व पत्रे काढून तिथे तुराट्यांची ताटी बांधली. डुकरांसाठी खाली दोन फूट तारेची जाळी लावली. पाणी पुन्हा एक वेळेवर, पहाटे, आणले आणि पिशव्यांच्या कडेच्या रांगांना पांढऱ्या गोण्या टेकवल्या, जेणेकरून काळ्या प्लास्टिकवर थेट ऊन पडू नये. नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) सुरू होण्याआधी हे काम पुरे झाले. जूनच्या सुरुवातीच्या मोजणीत पिशव्यांचा जादा ताप 10 ते 11 अंशांवर आला होता. त्यात पांढऱ्या गोण्यांचा वाटा किती आणि वाऱ्याचा किती, हे वेगळे करता येत नाही, कारण दोन्ही बदल एकाच आठवड्यात झाले.

उत्तर आणि पूर्व बाजूंचे पत्रे तसेच ठेवले. उन्हाळ्यातला वारा पश्चिमेचा आणि वायव्येचा. हिवाळ्यात उत्तरेचा गार वारा अडेल तर बरेच, अशी आमची दोघांची समजूत होती.

हिवाळ्यातले दुसरे वळण

डिसेंबरमध्ये डोळे भरण्याचे काम झाले. जानेवारीच्या मध्यापर्यंत पूर्वेकडच्या सखल वाफ्यांतले बरेच डोळे फुटले नाहीत, काही काळे पडले. वरच्या अंगाचे, पश्चिमेकडचे डोळे मात्र धरले होते. भाऊंना 29 डिसेंबर 2018 ची रात्र आठवत होती, जेव्हा नागपुरात 3.5 अंशांपर्यंत पारा उतरला होता. या वर्षी तशी थंडी नव्हती. मग सखल बाजूलाच काय झाले, असा त्यांचा प्रश्न होता.

रात्री गणित उलटते. स्वच्छ, कोरड्या आकाशाखाली जमीन दीर्घलहरी प्रारणाने उष्णता गमावत राहते आणि हवेपेक्षा थंड होते. वारा असेल तर तो वरची तुलनेने उबदार हवा खाली आणून ही तूट अंशतः भरून काढतो. वारा पडला की थंड, जड हवा तळाशी साचते, घुसळण जवळजवळ थांबते आणि वरची ऊब खाली पोहोचेनाशी होते. वेधशाळेचे तापमान जमिनीपासून सुमारे सव्वा मीटरवर मोजले जाते. अशा रात्री त्या आकड्यात आणि कलमाच्या उंचीवरच्या तापमानात काही अंशांचे अंतर पडू शकते. पुण्यात हवामानशास्त्रज्ञ एल. ए. रामदास आणि एस. आत्मनाथन यांनी 1932 मध्ये दाखवून दिले होते की शांत, निरभ्र रात्री उघड्या जमिनीवर सर्वांत थंड थर जमिनीला टेकलेला नसतो, तर तिच्यापासून काही दहा सेंटिमीटर वर असतो. डोळा भरण्याची जागा साधारण तेवढ्याच उंचीवर येते. दाटीने मांडलेल्या पिशव्यांत हा थर उघड्या जमिनीसारखाच बनतो असे म्हणता येत नाही. तरी डोळ्याची उंची ही मोजण्यासारखी गोष्ट आहे, हे तेव्हा सुचले.

त्यात उताराची भर पडली होती. थंड हवा पाण्यासारखीच, पण फार सावकाश, उताराकडे सरकते. पूर्वी ती कुडातून झिरपून नाल्यात उतरत असे. आता पूर्वेच्या फटीविना बसवलेल्या पत्र्याने तिला बांध घातला होता. आम्ही पहाटे पाच वाजता उदबत्त्या लावून पाहिले. धूर जमिनीलगत पूर्वेकडे सरकला, पत्र्याशी अडला आणि तिथेच गुडघाभर उंचीवर पसरून राहिला. पत्र्यालगत कलमाच्या डोळ्याच्या उंचीवर वरच्या वाफ्यांपेक्षा सुमारे 3 अंश कमी तापमान होते. संत्र्याची वाढ 13 अंशांच्या खाली जवळपास थांबते. जखम भरून डोळा धरायला ऊब लागते, आणि या वाफ्यांना ती रोज काही तास कमी मिळत होती.

रात्री शेकोट्या पेटवाव्यात, असे शेजाऱ्यांनी सुचवले. धुराचा थर दीर्घलहरी प्रारण फारसे अडवत नाही. जी काही मदत होते ती आगीच्या उष्णतेची आणि तिने हललेल्या हवेची. फवारणीचा ब्लोअर रात्री चालवावा, ही मुलाची कल्पना होती. पण तो तळाची थंड हवाच फिरवेल, वरची उबदार हवा खाली आणणार नाही, म्हणून ती सोडली. शेवटी पूर्वेच्या पत्र्यांचा खालचा दीड फूट भाग कापून तिथे तारेची जाळी बसवली, नाल्याकडची झुडपे विरळ केली आणि थंडीच्या दिवसांत पाणी सकाळऐवजी दुपारी द्यायला सुरुवात केली, कारण ओली काळी माती दिवसा मिळालेली उष्णता अधिक खोलवर साठवते आणि रात्री सावकाश परत देते. न फुटलेल्या खुंटांवर फेब्रुवारीत पुन्हा डोळे भरले.

परिणाम

फेब्रुवारीतले बहुतेक डोळे धरले, पण फेब्रुवारी मुळातच उबदार असतो. पुढच्या डिसेंबरमध्ये सखल आणि वरच्या वाफ्यांतला पहाटेचा फरक एक अंशाच्या आसपास उरला होता. पहिल्या वर्षी वाया गेलेल्या कलमांचा खर्च निघाला नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात करपण्याचे प्रमाण पलीकडच्या रोपवाटिकेइतकेच होते, त्याहून कमी नव्हते.

वेगळे काय करता आले असते

मी मे महिन्यात पोहोचलो तेव्हा माझ्यासमोर करपलेली पाने होती आणि मी दुपारचेच मोजमाप केले. त्याच आठवड्यात एक पहाट तिथे काढली असती, तर पूर्वेच्या पत्र्याचा प्रश्न सुमारे आठ महिने आधी दिसला असता, कारण शांत पहाटे हवा उताराने सरकते ती उन्हाळ्यातही. ‘उत्तरेचा गार वारा अडेल’ ही समजूत मी तपासलीच नाही. ज्या रात्री वारा वाहतो त्या रात्री हवा गार वाटते, आणि ज्या रात्री तो पडतो त्या रात्री जमीन अधिक गारठते. अंगाला जाणवणारा गारठा आणि रोपाला बसणारा गारठा यांत मी गल्लत केली.

दुसरे असे की गोण्या आणि ताटी हे दोन बदल एका आठवड्याच्या अंतराने, निदान दोन-तीन वाफे मूळ स्थितीत ठेवून करायला हवे होते. भाऊंना घाई होती आणि ती रास्त होती. तीन वाफे तसेच ठेवण्याची भरपाई मी देऊ केली असती, तर त्यांनी नाही म्हटले नसते.

उत्तरेचे पत्रे अजून उभे आहेत. यंदा तुराट्या निघाल्यावर तेही उतरवायचे भाऊंनी ठरवले आहे, आणि लोकरीचे धागे त्यांनी काड्यांवरून काढलेले नाहीत.